वडीलधाऱ्यांची मोटार आणि आपण

आपल्या पेढ्यांवर वडीलधाऱ्यांचा शब्द अखेरचा मानण्याची रीत आहे. मालाची परीक्षा, उधारीचा अंदाज, गिऱ्हाइकाची पारख या बाबतींत ऐंशी ओलांडलेल्या माणसाचा सल्ला आपण आजही घेतो. परंतु तोच वडील माणूस सकाळी बस्तीला जाण्यासाठी मोटार काढू लागला आणि ती सुरू झाली नाही, म्हणजे घरातील वारे एकाएकी फिरते. मुलगा म्हणतो, ‘आता गाडी पुरे झाली.’ सून म्हणते, ‘रिक्षा बोलावू.’ नातू तर गाडी भंगारात घालण्याचा ठरावच मांडतो. वास्तविक दोष असतो बॅटरीच्या टोकावर साचलेल्या चिमूटभर भुकटीचा. पण निकाल लागतो तो त्या माणसाच्या जाण्यायेण्याच्या स्वातंत्र्यावर.

हा अन्याय टाळता येण्याजोगा आहे असे आमचे मत आहे, म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने चार शब्द लिहीत आहोत. आम्ही यंत्रविशारद नव्हे. शालान्त परीक्षेनंतर बेळगावच्या रविवार पेठेत धान्याच्या पोत्यांमध्ये आयुष्य गेले. तथापि मालाच्या गाड्यांशी रोजचा संबंध असल्याने, आणि निपाणीस राहणारे आमचे चुलते, ज्यांना घरात सर्वजण अण्णा म्हणतात, ते वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षीही आपली जुनी मारुती स्वतः हाकीत असल्याने, जे पाहावयास व शिकावयास मिळाले तेवढेच येथे मांडतो.

मोटार आणि आपली माणसे

प्रथम एक गोष्ट तरुण वाचकांच्या ध्यानात आणून द्यावीशी वाटते. ज्या पिढीला आपण ‘त्यांना आता गाडीतले काय कळते’ असे म्हणतो, ती पिढी मोटारीबरोबरच वाढली आहे. मोटारीच्या आधी या भागात सायकल आली. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ साली सायकलींचे दुकान मांडले ते बेळगावातच. पुढे १९१० साली त्यांचा कारखाना किर्लोस्करवाडीस गेला. मोटारीच्या बाबतीत तर आपल्या समाजाने अभिमान बाळगावा असे नाव म्हणजे सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद. १८८२ साली जैन व्यापारी कुटुंबात जन्मलेल्या या पुरुषाने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली, आणि १९४७ साली मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे फियाट कंपनीशी करार होऊन जी लहान मोटार निघाली, तीच १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने घरोघर पोहोचली.

अण्णांची पहिली गाडी हीच पद्मिनी. थंडीत चोक ओढून ती सुरू करणे, प्लग काढून काचकागदाने घासणे, कॉन्टॅक्ट पॉइंटमधील फट पत्त्याच्या पानाने मापणे, ही कामे त्या काळचा प्रत्येक मालक स्वतः करीत असे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि मिस्त्रीकडच्या फेऱ्या कमी झाल्या. पद्मिनी २००० सालाच्या सुमारास बंद पडली. मारुती ८०० आणि ॲम्बॅसॅडर या दोन्हींचे उत्पादन २०१४ साली थांबले. आता नव्या गाड्यांत संगणक बसला आहे. त्यामुळे वडील माणसास जे येत होते त्याची गरज उरली नाही, आणि ज्याची गरज आहे ते त्यास कोणी शिकविले नाही. मदतीस जाताना हे विसरू नये. ‘सरका, मी बघतो’ असे म्हणण्यापेक्षा ‘अण्णा, पूर्वी तुम्ही हे कसे करीत होता?’ असे विचारून बॉनेट उघडावे. काम अधिक चांगले होते आणि मानही राहतो.

तक्रार का लपते?

दोन वर्षांपूर्वी चैत्रात अण्णा व काकू निपाणीहून संकेश्वरास आपल्या मुलीकडे निघाले. अण्णांना रात्रीभोजनाचा त्याग आहे. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणीही नाही. दुपारची विश्रांती झाल्यावर निघून दिवस असतानाच मुलीकडे जेवावे, असा त्यांचा बेत होता. तवंदी घाटाच्या चढणीवर गाडीचा उष्णतामापक काटा वर गेला, बॉनेटमधून वाफ येऊ लागली आणि गाडी थांबवावी लागली. अण्णांनी आम्हास फोन केला. आम्ही प्रथम एवढेच सांगितले, ‘अण्णा, रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. काकूंना घेऊन कठड्याच्या पलीकडे सावलीत बसा.’ निपाणीतील एका स्नेह्यांना मिस्त्री घेऊन तेथे पाठविले. रेडिएटरची एक रबरी नळी चिरली होती. काम फार मोठे नव्हते, पण संकेश्वरास पोहोचेपर्यंत दिवस मावळला होता. त्या वयाचा मधुमेही मनुष्य दुसऱ्या दिवशी सूर्योदय होईपर्यंत निराहार व निर्जल राहिला. घरातील कोणास त्या रात्री झोप लागली नाही.

पुढे चौकशी केली तेव्हा कळले की, गाडी जेथे उभी असते तेथे आठ दिवस हिरवट पाण्याचे थेंब पडत होते आणि अण्णांनी ते पाहिले होते. मग सांगितले का नाही? यावर ते जे बोलले ते प्रत्येक मुलाने व पुतण्याने ऐकण्यासारखे आहे. ते म्हणाले, ‘सांगितले असते तर तुम्ही दुरुस्ती गाडीची केली नसती, माझी केली असती. चावी गेली असती.’

आमच्या मते या विषयाचे सारे मर्म येथे आहे. तक्रार सांगितली की चावी जाते, असे ज्या घरात वडील माणसास वाटते, त्या घरात लहान दोष मोठा होईपर्यंत झाकला जातो आणि मग तो घाटातच उघडा पडतो. म्हणून गाडीचा दोष व हाकणाऱ्याचा दोष ही दोन खाती निरनिराळी ठेवावीत. ज्वारीचे नुकसान हरभऱ्याच्या खाती कोणी लिहीत नाही.

बॅटरी

वृद्धांच्या गाडीचा सर्वांत सामान्य रोग बॅटरीचा. गाडी आठवड्यातून एकदा घर ते बस्ती एवढीच फिरते. सुरू करताना जेवढी वीज खर्च होते तेवढी परत भरण्यास वेळच मिळत नाही. चावी फिरविल्यावर नुसते ‘टक् टक्’ वाजले आणि दिवे मंद झाले, तर बॅटरी उतरली असे समजावे. आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास गाडी सलग फिरवावी, हा पहिला उपाय.

दुसरे, बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी साचते. इंजिन बंद करून आधी ऋण, म्हणजे वजा खुणेची तार सोडवावी, मग अधिकची. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या दात घासण्याच्या ब्रशाने टोके घासावीत, ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. कोरडे पुसून आधी अधिकची व शेवटी वजाची तार घट्ट बसवावी आणि वरून थोडे व्हॅसलीन लावावे. ज्या बॅटरीस झाकणे आहेत तिच्यात खुणेपर्यंत केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे. नळाचे किंवा विहिरीचे पाणी घालू नये.

दुसऱ्या गाडीवरून वीज घेण्याची वेळ आली तर क्रम पाठ असावा. लाल तार प्रथम उतरलेल्या बॅटरीच्या अधिक टोकास, नंतर चांगल्या बॅटरीच्या अधिक टोकास. काळी तार चांगल्या बॅटरीच्या वजा टोकास, आणि तिचे शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूस, बॅटरीपासून दूर. मग चांगली गाडी आधी सुरू करावी. काढताना नेमका उलटा क्रम. दोन तारांची टोके एकमेकांस लागू देऊ नयेत. नव्या गाडीच्या बाबतीत तिच्या पुस्तकात काही निराळे सांगितले असल्यास तेच प्रमाण.

नव्या गाड्यांच्या चावीतही एक चपटा गोल सेल असतो. तो संपला की दार उघडत नाही आणि वृद्ध माणूस गोंधळतो. बहुतेक अशा चावीच्या पोटात धातूची साधी चावी दडविलेली असते. ती कशी काढावयाची हे एकदा हाताने करवून घ्यावे आणि एक जादा सेल देवघराच्या खणात ठेवावा.

उंदीर आणि आपला धर्म

हा विषय धान्याच्या व्यापाऱ्यांनी तरी टाळू नये. ज्या वाड्यात खाली वखार व वर बिऱ्हाड असते, तेथे मोटारही वखारीच्या दाराशीच उभी असते. धान्यावर पोसलेला उंदीर रात्री इंजिनाच्या उबेला जातो आणि तारा कुरतडतो. सकाळी गाडी सुरू होत नाही, किंवा नको तो दिवा पेटतो, आणि म्हाताऱ्याने काही बिघडविले असा बोभाटा होतो.

विषाचा मार्ग आपला नव्हे. पण अहिंसा म्हणजे निष्काळजीपणाही नव्हे. गाडीच्या जागी सांडलेले दाणे रोज झाडावेत, पोती व जुनी बारदाने गाडीपासून दूर ठेवावीत, रात्री तेथे दिवा लावावा, शक्य असल्यास बॉनेट थोडे उघडे ठेवावे, आणि हवा आत येण्याच्या वाटांवर मिस्त्रीकडून बारीक जाळी बसवून घ्यावी. काहीजण बॉनेटखाली तंबाखूची पाने ठेवतात. निपाणीस त्यांचा तुटवडा नाही. मात्र वास उडाला की उंदीर परत येतो, आणि तापणाऱ्या भागाजवळ कोरडी पाने ठेवणे धोक्याचे आहे. झाडू व उजेड हेच खरे रखवालदार. आणखी एक सवय चांगली. थंडी-पावसात मांजराची पिले इंजिनात जाऊन बसतात. गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर दोन थापा माराव्यात. एका जिवाचे रक्षण होते.

पाणी, चाके व पेट्रोल

इंजिन तापले तर गाडी कडेस घेऊन बंद करावी आणि निदान अर्धा तास थांबावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडल्यास उकळते पाणी दाबाने तोंडावर येते. या एका चुकीने माणसे भाजली आहेत. दर रविवारी, इंजिन थंड असताना, कूलंटची पातळी पाहावी आणि गाडीखालच्या जमिनीकडे एक दृष्टी टाकावी. अण्णांच्या त्या हिरवट थेंबांची गोष्ट विसरू नये.

चाकांतील हवा थंड असताना तपासावी. प्रमाण किती ते चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा पुस्तकात लिहिलेले असते. वृद्धांची गाडी कमी फिरते, म्हणून टायर झिजत नाही. पण तो म्हातारा होतो. टायरच्या अंगावर चार आकडे कोरलेले असतात. ‘२३१९’ असल्यास तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला असे समजावे. बाजूस भेगा दिसल्या तर नक्षी शाबूत असली तरी तो बदलावा. स्टेपनीतील हवा पाहण्याची आठवण तर कोणासच राहत नाही.

पंक्चर झाल्यास वृद्धांनी जॅक लावण्याच्या भरीस पडू नये. मदत करणाऱ्याने मात्र क्रम लक्षात ठेवावा: सपाट जागा, हँडब्रेक, पहिला गिअर, समोरच्या चाकास दगड, गाडी उचलण्यापूर्वी नट थोडे सैल करणे, आणि बसविताना समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळणे. रात्रीची वेळ असल्यास मागे लाल परावर्तक त्रिकोण ठेवावा.

फ्यूज गेला तर तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज घालावा. पूर्वी घरात तांब्याची तार गुंडाळण्याची पद्धत होती. मोटारीत तसे केल्यास तारा पेटतात.

आता पेट्रोलविषयी. सध्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते इथेनॉल आपल्याच भागातील उसापासून, आणि मका व तुकडा तांदूळ यांपासूनही बनते, म्हणजे आपल्या पेठेशी त्याचा जवळचा संबंध आहे. परंतु जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या व वॉशर या मिश्रणासाठी बनविलेले नव्हते. म्हणून अशा गाडीच्या पेट्रोलच्या नळ्या मिस्त्रीस दाखवून नव्या प्रतीच्या बसवून घ्याव्यात. गाडीजवळ पेट्रोलचा वास आला तर ती सुरूच करू नये.

पावसाळ्यापूर्वी वायपरचे रबर बदलावे. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी त्यात घालू नये. २०१९ च्या ऑगस्टात व पुन्हा २०२१ च्या जुलैत पंचगंगेच्या पुराने कोल्हापूरजवळ शिरोलीस महामार्गच बंद पडला होता, हे आपल्यापैकी अनेकांच्या अडकलेल्या मालट्रकांनी अनुभवले आहे. इंजिनात पाणी गेल्याची शंका असल्यास चावी फिरवू नये, ओढून न्यावी.

दूरवरून मदत

आज बहुतेक घरांतील मुले पुण्यास किंवा बंगळुरास आहेत आणि वडील गावी. फोनवर मदत करताना रागावू नये; क्रमाने विचारावे. गाडी रस्त्याच्या कडेस सुरक्षित आहे काय? कोणता दिवा पेटला आहे, लाल की पिवळा? लाल असल्यास थांबावे. पिवळा असल्यास सावकाश जाऊन लवकर दाखवावे. आवाज, वास, वाफ यांपैकी काय आहे? एवढ्या उत्तरांवर मिस्त्रीस निम्मे निदान करता येते. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ व कोणत्याही संकटात ११२ हे क्रमांक मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून गाडीत चिकटवावेत. सोबत जवळच्या मिस्त्रीचा, एका स्नेह्याचा व वैद्यांचा क्रमांक असावा. अण्णांच्या गाडीत आता तसा कागद आहे. शिवाय पाण्याची बाटली, कोरडा खाऊ आणि टॉर्चही आहे, म्हणजे दिवस असतानाच वाटेत थांबावे लागले तर नियम मोडत नाही आणि पोटही उपाशी राहत नाही. ही कामे सुना-मुलींनीही शिकावीत. आमच्या घरी बॅटरीची टोके सर्वांत नीट साफ करते ती आमची नात.

चावी केव्हा ठेवावी?

शेवटी एक अवघड गोष्ट. मोटारीची दुरुस्ती होते, वयाची होत नाही. म्हणून वडील माणसाने कधीच गाडी सोडू नये असे आमचे म्हणणे नाही. पंचावन्न वर्षांनंतर परवान्याचे नूतनीकरण दर वेळी पाच वर्षांपुरतेच होते आणि त्यास वैद्यकीय प्रमाणपत्र लागते; जुन्या मोटारीचीही पंधरा वर्षांनंतर तपासणी होऊन दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करावी लागते. माणसाची व यंत्राची अशी दोन्ही परीक्षा कायद्यानेच ठेवली आहे. ती सही-शिक्क्यापुरती न उरकता खरीखुरी करावी. डोळे, कान व मानेची हालचाल यांची दरवर्षी तपासणी व्हावी. ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणे, बंपरवर न सांगता नवे ओरखडे उमटणे, ब्रेकऐवजी भलत्या पट्टीवर पाय जाणे, मागच्या गाडीचा कर्णा ऐकू न येणे, ही चिन्हे दिसली तर विलंब करू नये. कारण रस्त्यावर आपल्या वडिलांबरोबर दुसऱ्याचेही लेकरू असते.

परंतु ते सांगण्याची रीत असते. चार माणसांदेखत चावी हिसकावणे ही रीत नव्हे. प्रथम रात्रीची गाडी बंद, मग महामार्ग बंद, मग गर्दीच्या वेळेचा बाजार बंद, असे टप्प्याटप्प्याने व त्यांच्याच तोंडून ठरावे. ज्या दिवशी चावी खाली ठेवली जाईल, त्या दिवसापासून बस्तीला नेण्यास, नातेवाइकांकडे पोहोचविण्यास माणूस व वाहन तयार असले पाहिजे, आणि ते मागावे लागता कामा नये. हे ज्यास जमणार नाही त्याने चावी मागण्याचा अधिकारही सांगू नये.

अण्णांनी गेल्या वर्षी स्वतःच ठरविले की घाट व महामार्ग आता नको. संकेश्वरास ते भाच्याबरोबर जातात. निपाणीच्या गल्लीत मात्र त्यांची मारुती सकाळी बस्तीकडे वळते, आणि गाडीत कुठे कुरकुर झाली तर आम्हास त्याच दिवशी फोन येतो. तक्रार लपणे थांबले, यातच आम्ही समाधान मानतो.

आपल्या संघाच्या सभासदांपैकी अनेकांच्या घरी असे वडील व अशा गाड्या आहेत. पेढीचा हिशेब आपण दिवाळीस तपासतो; त्याच दिवशी वडिलांच्या गाडीचे बॉनेटही एकदा उघडावे, त्यांना शेजारी उभे करून, त्यांचे म्हणणे ऐकत. खर्च थोडा आहे, आणि जमा होणारी रक्कम कोणत्याही वहीत मावणारी नाही.

जय जिनेंद्र.